वऱ्हाडी माणूस आणि क्रूझचा प्रवास : काही अनुभव, काही सूचना



संयोजकांचा फोन आला तेव्हा आम्हाला वाटलं, कांट नाहीतर शंकराचार्य, दोघांपैकी कोणावर तरी बोलायचं असेल. ते म्हणाले, "नाही सर, क्रूझवर बोला. अकोल्यातली सत्तरीच्या आसपासची आठ-दहा जोडपी जायचं म्हणतात, अन् कोणालेच काही माहीत नाही." इतक्या नेमक्या गरजेतून आम्हाला आजवर कोणी बोलावलं नव्हतं, म्हणून अमरावतीहून लगेच आलो. आम्ही म्हणजे आम्ही दोघं. आणि जिथं एकट्याबद्दल बोलायचं असेल तिथंही तोंडात 'आम्ही'च येईल. मास्तरकीची जुनी खोड आहे, ती सांभाळून घ्या.

पहिल्यांदा निघालो तेव्हा शेजारच्यांनी विचारलं होतं, "सर, तिथं पायन्यासारखं आहे काय? पानीच पानी." प्रश्न चुकीचा नाही. अकोल्यापासून समुद्र रेल्वेनं पावणेसहाशे किलोमीटरच्या पुढं. आपल्या म्हणींत, शिव्यांत, लग्नाच्या गाण्यांत समुद्र फारसा येत नाही. गंमत अशी की वऱ्हाडचा कापूस वऱ्हाडी माणसाच्या कितीतरी आधी समुद्रापार जाऊन आला. १८६१ ते ६५ च्या अमेरिकेतल्या यादवी युद्धात तिकडचा कापूस अडला, इंग्रजांच्या गिरण्यांना आपली आठवण झाली, १८६७ पर्यंत रेल्वे नागपूरपर्यंत पोचली आणि खामगाव-अमरावतीचे गठ्ठे मुंबईच्या गोदीतून लिव्हरपूलला जाऊ लागले. माणसं मागून गेली. टिळकांना १९०८ साली मंडालेची शिक्षा झाली तेव्हा आमच्या अमरावतीचे दादासाहेब खापर्डे त्यांच्या अपिलासाठी बोटीनंच विलायतेला गेले, ते १९१० मध्ये परतले. पापळचे पंजाबराव देशमुख १९२० साली शिकायला गेले आणि ऑक्सफर्डला वैदिक वाङ्मयातल्या धर्मावर प्रबंध लिहून आले. आता विनोद बघा. ज्या परंपरेवर त्यांनी प्रबंध लिहिला, त्याच परंपरेतलं बौधायन धर्मसूत्र समुद्रप्रवासाला पातकांत धरतं. आणि तेच सूत्र दुसरीकडं म्हणतं की उत्तरेकडच्या लोकांची ती रीतच आहे. म्हणजे नियम सांगणाऱ्यालाही माहीत होतं की लोक जातात.

असो. खापर्डे जात होते तो प्रवास होता, क्रूझ हा प्रवास नव्हे. हे आधी नीट समजून घ्या, कारण पुढचे बरेच घोटाळे इथून होतात. प्रवासाच्या बोटीला कुठंतरी पोचायचं असतं. क्रूझच्या जहाजाला बहुतेक वेळा जिथून निघालं तिथंच परत यायचं असतं. मध्ये दोन-चार बंदरं. जहाज म्हणजे चालतं हॉटेल: खोली, तीन वेळचं जेवण, नाटक-गाणी, पोहण्याचा तलाव, सगळं तिकिटात. तिकिटात नसतं ते दारू, इंटरनेट, काठावरच्या सहली, कपडे धुणं, डॉक्टर, आणि पुष्कळ कंपन्यांत नोकरवर्गाचा सेवाआकार. हा आकार अमेरिकन कंपन्यांत माणशी दररोज साधारण १५ ते २० डॉलर असतो आणि तुम्ही काही न करता तुमच्या खात्यावर चढतो. जहाजावर रोख पैसे चालत नाहीत. खोलीचं कार्डच सगळीकडं दाखवायचं आणि शेवटच्या रात्री हिशेबाचा कागद दाराखालून येतो. हा कागद रोज मागून पाहत जा, रोज पाहायला लाज वाटण्याचं काही कारण नाही.

आपल्याला सगळ्यांत जवळचं जहाज म्हणजे मुंबईचं. २०१८ च्या ऑक्टोबरात मुंबई-गोवा 'आंग्रीया' सुरू झाली, त्यानंतर सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलियाचं 'एम्प्रेस' मुंबईहून गोव्याला आणि लक्षद्वीपला जाऊ लागलं. हे जहाज १९९० साली 'नॉर्डिक एम्प्रेस' म्हणून पाण्यात उतरलं, २००४ मध्ये 'एम्प्रेस ऑफ द सीज' झालं, मग दुसऱ्या कंपनीत गेलं, परत आलं, मग विकलं गेलं आणि आपल्याकडं आलं. नाव बदललं, मालक बदलला, गालिचे बदलले. ग्रीकांचा थिसियसच्या जहाजाचा प्रश्न आम्ही वर्गात शिकवायचो, तो या जहाजाच्या डेकवर उभं राहून शिकवायला पाहिजे होता. ते साधारण २११ मीटर लांब, अकरा मजली आणि अठराशेच्या आसपास प्रवासी नेणारं आहे. ऐकायला मोठं वाटतं, पण आजच्या हिशेबानं लहान. आजची मोठी जहाजं पाच हजारांवर माणसं नेतात.

एक गोष्ट वऱ्हाडातल्या माणसानं मुद्दाम पाहावी, ती म्हणजे पाणी. खोलीतल्या नळाला चोवीस तास गोडं पाणी, तेही बरंचसं समुद्रातूनच केलेलं. खारं पाणी तापवून वाफ धरतात किंवा दाबानं बारीक पडद्यातून काढतात, मीठ मागं राहतं. आमची ही मूळची दर्यापूरकडची, खारपाणपट्ट्यातली. पूर्णेच्या खोऱ्यातल्या त्या विहिरींचं पाणी तोंडात धरवत नाही, पिकाला चालत नाही, मूत्रपिंडं खराब होतात म्हणून पिढ्यान्‌पिढ्या रडगाणं. तिनं पहिल्या दिवशी नळ सोडला, ओंजळभर प्यायली आणि म्हणाली, "सुट्टीवर आलेल्या लोकांच्या आंघोळीले इथं हे जमते, अन् आपल्या गावाले काहून जमत नाही?" आम्ही तीस वर्षं वितरणात्मक न्याय शिकवला. उत्तर आलं नाही.

आता निघण्याबद्दल. आमचं म्हणणं एकच आहे : जहाज सुटण्याच्या आदल्या दिवशी मुंबईत पोचा. अमरावती-मुंबई एक्सप्रेस संध्याकाळी निघते आणि पहाटे सीएसएमटीला लावते. तिथून बॅलार्ड पिअर टॅक्सीनं जवळच. कागदावर हिशेब उत्तम बसतो, आणि म्हणून लोक त्याच दिवशीची गाडी धरतात. आमचं एक ओळखीचं जोडपं असंच निघालं. पावसाळा संपता संपता घाटात दरड आली, गाडी इगतपुरीच्या अलीकडं थांबली ती थांबलीच. जहाजात चढायचं दार सुटण्याच्या आधीच, तासाभराहून जास्त आधी, बंद होतं, कारण प्रवाशांची यादी पूर्ण करून द्यावी लागते. हे दोघं पोचले तेव्हा जहाज धक्क्यालाच होतं, दिव्यांनी लखलखलेलं, माणसं वर रेलिंगला उभी. चढू दिलं नाही. आपल्याला सवय काय, की एसटीच्या मागं पळालं तर कंडक्टर घंटी मारतो. लग्नात मामा यायचे राहिले तर भटजी दोन मंगलाष्टकं लांबवतो. इथं कोणी लांबवत नाही. भाडंही परत मिळालं नाही. आता बेलोऱ्याहून २०२५ पासून मुंबईचं विमान आहे, तरी आदला दिवस सोडू नका.

हाच नियम मधल्या बंदरांवर. जहाज चारला सुटणार असेल तर साडेतीनच्या आत वर पाहिजे, आणि ते जहाजाच्या घड्याळानं. याची गोम अशी : सिंगापूरहून निघालात तर फुकेतचं घड्याळ एक तास मागं असतं. काही जहाजं आपलं घड्याळ बदलतात, काही बदलत नाहीत. तुमचा मोबाइल मात्र काठावर उतरल्याबरोबर आपोआप तिथली वेळ धरतो. मग मोबाइलमध्ये तीन आणि जहाजावर चार! उतरताना दाराशी विचारा आणि साधं हातातलं घड्याळ त्या वेळेला लावा. कंपनीची सहल घेतली आणि तिला उशीर झाला तर जहाज सहसा वाट पाहतं, तुम्ही स्वतः टॅक्सी करून गेलात तर पाहत नाही. कंपनीच्या सहली महाग असतात त्यातला काही भाग या खात्रीचा आहे. आणि मोबाइल समुद्रावर विमानाच्या मोडवर ठेवा, नाहीतर जहाजाच्या उपग्रहाच्या जोडणीवरून एका फोनचे एवढे पैसे लागतात की माणूस त्या नातेवाइकाशी पुन्हा बोलत नाही.

खोलीबद्दल फार बोलत नाही. चार प्रकार : आतली बिनखिडकीची, खिडकीची, गॅलरीची, आणि पैसेवाल्यांची. आम्ही बहुतेक वेळा बिनखिडकीची घेतली. मात्र आतल्या खोलीत सकाळ-संध्याकाळ कळत नाही, मधुमेहाच्या माणसाची गोळ्यांची वेळ चुकते, गजर लावा. जागा निवडता येत असेल तर खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्याजवळची घ्या. झोपाळ्याचं टोक जास्त हलतं, तसं जहाजाचं नाक आणि शेपूट आणि वरचे मजले जास्त हलतात.

यावरून बोट लागण्याकडं येऊ. एसटी लागते तशीच बोट लागते. कान सांगतो हलतोय, डोळा खोलीच्या भिंतीकडं पाहून सांगतो स्थिर आहे, आणि दोघांच्या भांडणात पोट बळी जातं. म्हणून उघड्यावर या, क्षितिजाकडं पाहा, वाचू नका, पोट रिकामं ठेवू नका. आलं चघळा. गोळी घ्यायची तर त्रास सुरू व्हायच्या आधी. आणि पुरुषमंडळींनो, ज्यांचं प्रोस्टेट वाढलेलं आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती गोळी घेऊ नका, त्यातल्या काही गोळ्यांनी लघवी अडते. हे सांगायला संकोच वाटतो, पण समुद्रावर लघवी अडण्यापेक्षा इथं संकोच बरा. मोठ्या जहाजाला पाण्याखाली दोन बाजूंना पंख असतात, ते डोलणं बरंच कमी करतात. तरी अरबी समुद्र पावसाळ्यात अरबी समुद्रच असतो. कोकणच्या बोटी पावसाळ्यात बंद असत, आणि 'एम्प्रेस'ही २०२२ च्या जूनमध्ये चेन्नईकडं गेली होती. आपण दिवाळीनंतर ते होळीपर्यंत जावं.

लक्षद्वीपचं एक वेगळं. तिथं मोठं जहाज काठाला लागत नाही, लांब उभं राहतं, आणि लहान होडीतून बेटावर नेतात. जहाजाच्या दारातून खालीवर होणाऱ्या होडीत पाय टाकायचा असतो. खलाशी दोन्ही दंड धरतात, तरी गुडघे दुखणाऱ्यांनी आधी विचार करावा. समुद्र खवळलेला असला तर उतरणंच रद्द होतं, त्याचे पैसे मागत बसू नये. आमचं एकदा झालं. दिवसभर बेट दिसत होतं.

परदेशात जायचं तर व्हिसाचा एक पेच सांगतो, कारण यात सुशिक्षित माणसंही अडकतात. मुलगा सिएटलला आहे, तिथून अलास्काचं जहाज धरू, अमेरिकेचा व्हिसा आहेच, मग काय? तर ते जहाज अमेरिकन बंदरातून सुटून अमेरिकन बंदरातच परत येतं, पण झेंडा बहामाचा किंवा पनामाचा असतो. १८८६ च्या एका अमेरिकन कायद्यानं परदेशी झेंड्याच्या जहाजाला मध्ये एखादं परदेशी बंदर घ्यावंच लागतं. म्हणून सिएटलचं जहाज येताना कॅनडाच्या व्हिक्टोरियाला टेकतं, बरेचदा रात्री, चार-दोन तासांसाठी. तुम्ही उतरा न उतरा, भारतीय पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा लागतो. आणि अमेरिकेचा व्हिसा एकाहून जास्त वेळा आत येऊ देणारा पाहिजे. हे तिकीट काढण्याआधी, नंतर नव्हे.

सुरुवातीच्या कवायतीला दांडी मारू नका. जहाज सुटण्याआधी किंवा सुटता सुटता सगळ्या प्रवाशांना आपापली जमण्याची जागा आणि लाइफ जॅकेट दाखवतात. सात छोटे भोंगे आणि एक लांब, ही धोक्याची खूण. लोक त्या वेळी जेवणाची रांग धरतात. २०१२ च्या जानेवारीत इटलीच्या जिल्यो बेटाजवळ 'कोस्टा कॉन्कॉर्डिया' कलंडलं, ३२ माणसं गेली. त्या दिवशी नव्यानं चढलेल्यांची कवायत झालेलीच नव्हती. त्यानंतर नियम कडक झाले. लांब कशाला जायचं? १७ जुलै १९४७ ला, स्वातंत्र्याला महिनाही राहिला नव्हता, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट काशाच्या खडकाजवळ उलटली, सहाशेच्या वर माणसं बुडाली. कोकणातल्या घराघरात ती तारीख आहे, आपल्याकडं कोणाला ठाऊक नसते. बोटीत पाणी येताच घाबरलेली माणसं एका बाजूला धावली, असं सांगतात. कुठं जाऊन उभं राहायचं हे आधी माहीत असणं, एवढंच कवायतीत शिकवतात.

जेवणाची काळजी करू नका. भारतातून निघणाऱ्या जहाजावर शाकाहारी आणि जैनसुद्धा मिळतं. बाहेरच्या जहाजावर तिकीट काढतानाच लिहून द्या आणि पहिल्या रात्री मुख्य वाढप्याला भेटा. खरी अडचण न मिळण्याची नसते, संपत नाही त्याची असते. आणि जेवणाआधी हात साबणानं धुवा. बंद जागेत जुलाब-उलट्यांची साथ झपाट्यानं पसरते आणि झालेल्याला खोलीत डांबतात.

आता ज्यासाठी मुख्यतः आलो ते. हे बोलायचं की नाही यावर आमच्या घरी दोन दिवस चर्चा झाली.

२०१५ मध्ये नागपुरात आमच्या हृदयात एक स्टेंट बसला. २०१९ मध्ये सिंगापूरहून पिनांग-फुकेतची सफर ठरवली. प्रवासविम्याच्या फॉर्मवर प्रश्न होता : पूर्वीचा कोणता आजार? फॉर्म भरून घेणारे गृहस्थ आमच्या चांगल्या ओळखीतले. म्हणाले, "सर, सगळेच 'नाही' लिहितात. 'हो' लिहिलं का हप्ता वाढते, कागद मागतात, कधी देतच नाहीत." फरक साडेतीन हजारांचा होता. कांटचा १७९७ चा एक छोटा निबंध आहे. खुनी दारात येऊन विचारतो, तुझा मित्र घरात आहे का. कांट म्हणतो, तरीही खोटं बोलू नकोस. आम्ही हा निबंध वर्षानुवर्षं शिकवला, मुलांशी त्यावर वाद घातले, कांट फार ताणतो असंही सांगितलं. आणि कोणी खुनी दारात नसताना, साडेतीन हजारांसाठी, 'नाही'वर खूण केली. तेव्हा काही वाटलंही नाही, हे जास्त खरं.

दुसऱ्या रात्री, मलाक्काच्या सामुद्रधुनीत, पाणी अगदी तळ्यासारखं असताना, दोनच्या सुमाराला छातीत दाब सुरू झाला आणि डाव्या जबड्यापर्यंत आला. हिनं फोन उचलला. पाच मिनिटांत चाकाची खुर्ची आली, लिफ्टनं खालच्या मजल्यावर दवाखान्यात. जहाजावरचा दवाखाना लहान असतो पण नुसता मलमपट्टीचा नसतो. ईसीजी होतो, रक्त तपासतात, ऑक्सिजन असतो, अतिदक्षतेची एखाद-दुसरी खाट असते. ॲंजिओग्राफी होत नाही, शस्त्रक्रिया होत नाही. डॉक्टर बाई दक्षिण आफ्रिकेच्या होत्या. तारा लावता लावता त्यांनी विचारलं, याआधी हृदयाचा काही त्रास?

मित्रहो, आम्ही गप्प बसलो. चार-पाच सेकंद असतील. हो म्हणावं तर ते कागदावर येणार, तो कागद विमा कंपनीकडं जाणार. नाही म्हणावं तर या बाई जे औषध देतील ते आमची रक्त पातळ करायची गोळी चालू आहे हे न कळता देतील. छातीवर दगड असताना माणूस हा हिशेब करू शकतो, हे आम्हाला त्या रात्री कळलं. ही खुर्चीवर शाल गुंडाळून बसली होती. इंग्रजी ती फारसं बोलत नाही. तिनं पर्समधून स्टेंटचं कार्ड काढलं आणि म्हणाली, "स्टेंट. वन. नागपूर. टू थाउजंड फिफ्टीन." मग गोळ्यांची चिठ्ठी पुढं केली. ते कार्ड तिनं बरोबर घेतलं आहे हेही आम्हाला माहीत नव्हतं.

झटका मोठा नव्हता, पण नाही असंही म्हणता येत नव्हतं. डॉक्टरांच्या सल्ल्यावर कॅप्टन ठरवतो, आणि त्यावर वाद चालत नाही : पिनांगला उतरायचं. सकाळी जहाज धक्क्याला लागलं तेव्हा रुग्णवाहिका उभी होती. हिला सामान बांधायला पाऊण तास मिळाला. खोली आवरणारा पोरगा दापोलीकडचा निघाला. म्हणाला, "काकू, तुम्ही औषधं आणि पासपोर्ट तेवढे बघा, बाकी मी भरतो." त्यानं दोन्ही बॅगा भरल्या, आमच्या ओल्या टॉवेलासकट. आधीच्या दोन दिवसांत आम्ही त्याला एकदाही त्याचं गाव विचारलं नव्हतं. हे लोक सहा-सहा, नऊ-नऊ महिने घर सोडून पाण्यावर असतात.

इस्पितळात तीन दिवस, ॲंजिओग्राफी, नवा स्टेंट लागला नाही. संध्याकाळी जहाज आमच्याशिवाय पुढं गेलं. जहाजावरच्या दवाखान्याचं बिल खात्यावर चढलेलं, आधी भरा मग कंपनीकडं मागा, इस्पितळाचं वेगळं, परतीची नवी विमान तिकिटं वेगळी. सगळं मिळून चार लाखांवर गेलं. मुलानं कार्डावर भरलं, आम्ही घरी येऊन ठेव मोडली. विमा कंपनीचं उत्तर महिन्याभरानं आलं, दोन ओळींचं : आजार जाहीर केला नव्हता, दावा देय नाही. आमच्या मुलाला राग आला, तो ग्राहक मंचात जाऊ म्हणाला. आम्ही नको म्हटलं. त्या पत्रात एकही शब्द चुकीचा नव्हता.

हिनं या सगळ्यात एक शब्द काढला नाही. मुंबईहून येताना अकोला गेलं, मूर्तिजापूर गेलं, बडनेऱ्याला गाडी थांबली तेव्हा म्हणाली, "यापुढं फॉर्म मी भरीन."

तेव्हा तुम्ही काय करायचं? आजार सगळे लिहायचे : रक्तदाब, साखर, स्टेंट, जुनं ऑपरेशन. हप्ता वाढेल. एखादी कंपनी नाही म्हणेल, दुसरीकडं विचारायचं. जाहीर केलेल्या आजारावरही काही पॉलिसी फक्त जिवावरच्या प्रसंगापुरती आणि ठरावीक रकमेपर्यंतच देतात, ती ओळ शोधून वाचायची, मुलाला वाचायला लावायची. जहाजावरचा उपचार आणि जहाजावरून उतरवून इस्पितळात नेण्याचा खर्च त्यात आहे का, हे लेखी विचारायचं. औषधं मुक्कामाच्या दुप्पट दिवसांची, आणि हातातल्या पिशवीत. मोठ्या बॅगा धक्क्यावर घेतात त्या खोलीत संध्याकाळी येतात. गोळ्यांची नावं ब्रँडची नकोत, मूळ औषधाची, कारण आपल्या दुकानातलं नाव पिनांगच्या डॉक्टरला कळत नाही. जुना ईसीजी बरोबर ठेवा. नवा ईसीजी त्याच्याशी ताडून पाहायचा असतो. आणि यातलं सगळं जोडीदाराला माहीत असू द्या. आमच्या पिढीत पुष्कळ घरांत नवऱ्याच्या गोळ्या बायकोला पाठ असतात, बायकोच्या गोळ्या नवऱ्याला माहीत नसतात. हिची थायरॉइडची गोळी किती शक्तीची, हे आम्ही पिनांगहून आल्यावर शिकलो.

प्रश्न आले आहेत त्यातले दोन घेतो.

एका गृहस्थांनी लिहिलं आहे, एवढं झाल्यावर पुन्हा गेलात का? गेलो. दोन वेळा. एकदा मुंबईहून गोव्याला, दोनच रात्री, हृदयाच्या डॉक्टरांना दाखवून आणि त्यांचं पत्र घेऊन. एकदा अलास्काला, मुलगा बरोबर होता. तिथं बर्फाच्या नदीचा घरापेक्षा मोठा कडा समुद्रात कोसळताना पाहिला. आधी दिसतो, आवाज नंतर येतो. तेव्हा ही आणि आम्ही एकाच ब्लँकेटात डेकवर उभे होतो. जायचं की नाही हे आम्ही सांगणार नाही. ज्यांना डॉक्टरांनी नको म्हटलंय त्यांनी जाऊ नये, आणि ज्यांना डॉक्टरांना विचारायचीच भीती वाटते त्यांनी तर मुळीच जाऊ नये.

दुसरा प्रश्न एका ताईंचा. मिस्टर गेले, एकटीनं जाता येईल का? येईल, आणि जहाज एकट्या बाईला हॉटेलपेक्षा सोयीचं, रात्री कुठं बाहेर पडावं लागत नाही. पण भाडं खोलीवर धरतात, दोन माणसांचं. एकट्या माणसाला बरेचदा दीडपट, कधी दुप्पट पडतं. काही नव्या जहाजांवर एकट्यासाठी लहान खोल्या असतात, त्या लवकर संपतात. त्यापेक्षा बहीण, विहीणबाई, मैत्रीण, कोणीतरी जोडीला घ्या. इथंच तुमच्यासारख्या आणखी दोघी-तिघी बसलेल्या असतील, चहाच्या वेळी विचारून बघा. फक्त कोण घोरतं हे आधी ठरवून घ्या, खोली फार लहान असते.